परलेले बोंबील

बोंबील सुकत घालतात ते एकेकटे नाही, जोडीनं. एकाच्या जबड्यात दुसऱ्याचा जबडा अडकवायचा, हलका पीळ द्यायचा आणि ती जोडी दोरीवर टाकायची. एक अलीकडं लोंबतो, एक पलीकडं. या दोऱ्या ज्या बांबूच्या चौकटीला बांधतात तिला आम्ही वलांडी म्हणतो. पावसाळा संपला की वेसाव्याच्या, म्हणजे मुंबईतल्या वर्सोव्याच्या, किनाऱ्यावर वलांडीच वलांडी. मी त्यांच्या सावलीत रांगले आणि नीट बोलायच्या आधी बहुधा जोड्या लावायला शिकले. आईचा एकच नियम होता: दोन्ही तोंडं एकमेकांत पक्की धरल्याशिवाय हात सोडायचा नाही.

तरी काही जोड्या सुटायच्याच. आमच्या कोळी बोलीत ‘ड’चा ‘र’ होतो. वेडी ती येरी, आणि दोरीवरून पडलेला बोंबील तो परलेला. परलेल्याला वाळू लागते, तो पुन्हा दोरीवर चढत नाही. आमच्या गल्लीत रीत अशी होती, की परलेले बोंबील ज्या घरात कमावता पुरुष नाही त्या घरानं उचलायचे. तो त्या घराचा मान होता, भीक नव्हती. निदान सगळे वागायचे तसंच. मी चार वर्षांची असताना वडील आजारपणात गेले, तेव्हापासून तो मान आमचा. दुपार कलली की मी टोपली घेऊन दोऱ्यांखालून फिरायचे. बाकीच्यांच्या दोऱ्यांखाली एखाददुसरा मिळायचा. शेजारच्या मावशीच्या दोऱ्यांखाली मात्र टोपली अर्धी व्हायची.

ही मावशी नात्याची नव्हे. तिच्या घराची आणि आमच्या घराची भिंत एक, एवढंच नातं. तिच्याकडं होडी होती, दोऱ्याही पुष्कळ. तिच्या जोड्या सुटतात म्हणून गल्लीनं तिचं नावच पाडलं होतं, ढिल्या हाताची. ती त्यावर सगळ्यांच्या आधी हसायची. मी तिची नक्कलसुद्धा करायचे, दोन बोटं सैल सोडून, आणि बाया हसून लोळायच्या. लहानपणापासून मी जिभेनं तिखट. त्याचं मला तेव्हा कौतुकच वाटे.

एम.एस्सी. झाल्यावर मी मुलुंडच्या एका छोट्या संशोधन संस्थेत लागले. साल पंच्याऐंशी असेल. अंधेरीहून मुलुंडला जायचं म्हणजे अर्धं शहर आडवं कापायचं. बसमध्ये बसून वाचण्याजोगं सगळं मी वाचून काढलं. माझ्या गाइड म्हणजे आमच्या मॅडम. मूळच्या पुण्याच्या, किरकोळ बांध्याच्या, बोलणं मोजकं आणि रागावल्या तर आणखी मोजकं. त्यांच्याकडं काम होतं यीस्टचं. पाव फुगवतं तेच यीस्ट. मी घरी सांगितलं तेव्हा आई म्हणाली, “एवढा शिकून पाव करनार?”

पाव नव्हता करायचा. यीस्टची पेशी एकीची दोन होते तेव्हा ती आधी आपल्या प्रत्येक गुणसूत्राची नक्कल करते. मूळ आणि नक्कल एकमेकांना चिकटून राहतात. मग दोन बाजूंनी दोन दोर येऊन त्यांना धरतात आणि आपापल्या टोकाला ओढतात. एक या लेकीला, एक त्या लेकीला. वाटणीत चूक झाली की एका लेकीला दोन आणि दुसरीला शून्य. यीस्टमध्ये ही चूक फार क्वचित होते. माणसात झाली तर गर्भ टिकत नाहीत, आजार होतात. दोर जिथं धरतो त्या जागेला सेंट्रोमियर म्हणतात, आपल्या पुस्तकात गुणसूत्रबिंदू. यीस्टमधली ती जागा इवलीशी आहे, डीएनएच्या शंभर-सव्वाशे अक्षरांची, हे तोवर जगाला कळलं होतं. कळलं नव्हतं ते हे, की त्या जागेवर बसून दोराला धरून ठेवणारी प्रथिनं कोणती. ती शोधायच्या नादात पुष्कळ मोठ्या प्रयोगशाळा होत्या, आणि एका कोपऱ्यात आम्ही.

पहिल्याच दिवशी मॅडमनी फळ्यावर चित्र काढलं: दोन लांबट आकृत्या, एका ठिकाणी अडकलेल्या, दोन्हीकडून ओढल्या जाणाऱ्या.

मी बोलून गेले, “मॅडम, ही तर बोंबलांची जोडी!”

त्यांनी जन्मात बोंबील पाहिला नव्हता. मी दुसऱ्या दिवशी एक सुकी जोडी कागदात बांधून नेली. त्यांनी नाकाला रुमाल लावला, पण एक शेपूट धरली. दुसरी मी धरली. दोघींनी ओढलं.

“सुटत नाही गं,” त्या म्हणाल्या. मग शेपूट सोडून, “पण तुझी उपमा निम्मीच बरोबर आहे. तोंडात तोंड अडकलंय ही एक पकड झाली. मला हवी आहे ती दुसरी, ओढणाऱ्या हाताची. तुझी बोटं शेपटीला कशी धरतात, ती. ती बोटं शोध.”

ती बोटं शोधायची पद्धत दिसायला सोपी होती. आमच्या यीस्टमध्ये एक जादा, नसलं तरी चालेल असं छोटं गुणसूत्र घातलेलं होतं. ते पेशीत असेतो तिच्यापासून वाढलेला ठिपका, म्हणजे तिची वसाहत, पांढरी. ते हरवलं की त्या पेशीची पुढची सगळी पिलावळ लाल. म्हणजे पांढऱ्या ठिपक्यात मोसंबीच्या फोडीसारखी लाल फाक दिसली की समजायचं, इथं वाटणी चुकली. मग आम्ही यीस्टला रसायनं देऊन त्याच्यात दोष निर्माण करायचो आणि ज्या वाणात लाल फाका फार, तो वाण शोधायचो. जिथं पकड ढिली, तिथंच पकडणाऱ्याचा पत्ता लागणार. लाल फाकांच्या नोंदीपुढं मी वहीत ‘परलेले’ लिहायचे. मॅडमनी ते ‘परळचे’ असं वाचलं आणि आठवडाभर विचारत राहिल्या, की आपल्याकडं परळहून यीस्ट कधी आलं? खुलासा झाल्यावर हसल्या, आणि तोच शब्द प्रयोगशाळेत रुळला. पुण्याच्या तोंडून ‘आज किती परले?’ ऐकायला मला गुदगुल्या व्हायच्या.

दोन वर्षं मी प्लेटी, म्हणजे यीस्ट वाढवायच्या चपट्या बश्या, पाहिल्या. हजारो ठिपके. काही पांढरे, काही फिकट गुलाबी, काही कशातच न बसणारे. खात्रीचा एकही वाण नाही. डोळे दुखायचे, आणि मी सगळ्यांवर चिडायचे, प्लेटींवरसुद्धा. शेवटी सत्याऐंशीच्या गणपतीनंतर मॅडमनी बोलावून घेतलं.

“नोव्हेंबरात समिती बसेल,” त्या म्हणाल्या. “तोवर एक तरी वाण दाखवता आला नाही, तर तुझी शिष्यवृत्ती पुढं चालणार नाही. मी भांडेन, पण रिकाम्या हातानं भांडता येत नाही.”

त्यांचा आवाज कोरडा होता. नंतर मला कळलं, की त्या आदल्या वर्षीही माझ्यासाठी भांडल्या होत्या आणि मला बोलल्या नव्हत्या. त्या दिवशी मात्र मी त्यांना मनात नको नको ते बोलले. शिष्यवृत्ती गेली असती तर माझी प्रयोगशाळा संपली असती. आमच्या गल्लीतून इतकं शिकलेली मी पहिली. शाळेत नोकरी मिळाली असती, कुणी उपाशी राहिलं नसतं. पण मला फळ्यावरची ती जोडी सोडवत नव्हती.

ऑक्टोबरच्या ऐन उकाड्यात आमची शीतखोली बंद पडली. ती तशी नेहमीच आजारी. त्यामुळंच आम्ही प्लेटी उबदार पेटीतून काढून लगेच बघायचो आणि त्याच दिवशी धुवायला टाकायचो. या वेळी तिनं कायमची मान टाकली. दुरुस्तीचा माणूस म्हणाला, भाग यायला आठवडा. आमचे सगळे मूळ वाण तिथं होते. ते गेले असते तर माझंच नव्हे, मॅडमचं दहा वर्षांचं काम बुडालं असतं. मॅडम खुर्चीत बसून राहिल्या. त्यांना असं बसलेलं मी कधी पाहिलं नव्हतं.

मी म्हणाले, “मॅडम, बर्फ लागतो ना? बर्फाचं आमच्यावर सोडा.”

घरी जाऊन मी मावशीकडं दोन पेट्या मागितल्या, मासळीच्या, आतून पत्रा मारलेल्या. तिनं तीन काढल्या.

“दोन पुरे, मावशे.”

“असूंदे गो. बर्फाला काय, जास्त असला तं बराच.” आणि मिठाची गोण ओढत, “मीठ मारू? मीठ मारला का बर्फ जास्त थंडा होते.”

“नको! मीठ नको!” मी ओरडलेच. मिठानं थंडी इतकी वाढली असती, की प्लेटी गोठून गेल्या असत्या. ती गोण तशीच धरून उभी राहिली. शिकलेल्या पोरीची लहर, असं तिचा चेहरा म्हणत होता. पण तिनं मीठ मारलं नाही, आणि तिच्या मुलाचा टेम्पो सकाळी बाजारात जायच्या आधी मुलुंडला वळवला.

संस्थेच्या फाटकावर रखवालदारानं पेट्या हुंगल्या आणि हात आडवा केला. “मच्छी अंदर नहीं जाएगी.”

“मच्छी नाही, बर्फ आहे.”

“बास तो मच्छी की है.”

त्याचं खरंच होतं. मॅडम स्वतः खाली आल्या आणि, ज्या बाईनं एका बोंबलासाठी नाकाला रुमाल लावला होता, तीच पेटी एका कडीला धरून वर नेऊ लागली. रखवालदार ओशाळून दुसऱ्या कडीला लागला.

आम्ही सगळे वाण प्लॅस्टिकमध्ये गुंडाळून बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यांत भरले आणि डबे बर्फात पुरले. दोन पेट्यांत सगळं मावलं. तिसरीत नुसता बर्फ. त्या दिवशी धुवायच्या प्लेटींची चळत माझ्यासमोर होती, ‘सगळे पांढरे, निरुपयोगी’ अशी नोंद केलेली. धुवायचा भयंकर कंटाळा आला होता. मी त्या तशाच डब्यांत भरून तिसऱ्या पेटीत ढकलल्या. यात दूरदृष्टी वगैरे काही नव्हती. शुद्ध आळस होता.

रोज सकाळी मावशीच्या टेम्पोतून ताजा बर्फ आला. सहाव्या दिवशी तिसऱ्या पेटीत बर्फ भरताना मी उगाच एक डबा उघडला. प्लेट उजेडाला धरली. मग दुसरी, तिसरी, डब्यातल्या सगळ्याच धरल्या.

तो लाल रंग थंडीत हळूहळू गडद होतो. हे मॅडमनी कुठंतरी वाचलं होतं, पण चालती शीतखोलीच नव्हती तर ते वापरणार कसं. जे ठिपके मी पांढरे म्हणून मोडीत काढले होते, त्यांतले बहुतेक खरंच पांढरेच होते. पण एका कोपऱ्यात एक वाण होता, त्याच्या प्रत्येक ठिपक्यात लालभडक फाका. एक नाही, दोन नाही, फाकांवर फाका. जणू हात सारखाच ढिला पडत होता.

“मॅडम! परलेत!” मी जिन्यातूनच ओरडले. “खूप परलेत!”

त्यांनी प्लेट हातात घेतली, चष्मा वर केला, खाली केला. “थांब, नाचू नकोस,” म्हणाल्या. “पुन्हा कर. तीनदा कर.” आणि मग माझ्या डोक्यावर हात ठेवला, पटकन काढूनही घेतला. तो हात मला अजून आठवतो.

तीनदा केलं. आणखी दोन वाण आशा दाखवून फुसके निघाले. हा मात्र टिकला. समितीपुढं मी प्लेटी मांडल्या. एका ज्येष्ठ सरांनी चष्म्यावरून विचारलं, “हा तुमच्या हाताळणीचा दोष नाही कशावरून? बर्फाच्या पेटीत ठेवलेल्या प्लेटी आहेत, म्हणे मासळीच्या.”

माझं डोकं सटकलं. पण या वेळी रागानं मला शब्द दिले. मी म्हणाले, “सर, हात माझेच, बर्फ तोच, पेटी तीच. शेजारच्या वाणाच्या एकाही ठिपक्यावर अशी फाक नाही. दहा दोऱ्या एकाच वाऱ्यात असताना एकाच दोरीवरून रोज जास्त पडत असेल, तर वाऱ्याला बोल लावता येत नाही. त्या दोरीवरच काहीतरी कारण असतं.”

सर दोऱ्या कसल्या ते समजले नसावेत, पण मुद्दा समजले. मॅडम खाली बघून हसू दाबत होत्या. शिष्यवृत्ती चालू राहिली. पुढं त्या वाणात सापडलेलं प्रथिन खरंच सेंट्रोमियरपाशी बसणारं निघालं. त्यावर आमचा एक लहानसा शोधनिबंध छापून आला. जगात इतरांनी त्याहून मोठी कामं केली, अशी प्रथिनं एकामागून एक शोधली. आमचं काम खारीच्या वाट्याचं. पण मला त्यानं आयुष्यभराचं काम दिलं.

समितीचा निकाल कळला त्या संध्याकाळी मी घरी पोचले तेव्हा आई कोळंबी सोलत बसली होती. मी तिला सगळं सांगितलं, हातवारे करून. समजावं म्हणून म्हणाले, “आये, आपली मावशी नाय का ढिल्या हाताची? तसाच यो यीस्ट. जोडी नीट धरीतच नाय. म्हून परतान.” आणि सवयीनं ती जुनी नक्कल केली, दोन बोटं सैल सोडून.

आईचे हात थांबले. ती हसली नाही.

“ढिला? तिचा हात?” ती म्हणाली. “अगो, अख्ख्या वेसाव्यान तिच्यासारखा पक्का हात कोनाचा नव्हता. तुझा बापूस गेला, मी कोनाच्या दारान उभी राहिली नाय. कोनी दिला असता तं मी घेतला नसता. ह्या तिला ठाव होता.” तिनं एक कोळंबी उचलली, पुन्हा खाली ठेवली. “परायचे नाय ते. ती पारायची.”

पडायचे नाहीत, ती पाडायची. एका कान्याचा फरक. मी समितीपुढं काय ऐटीत बोलून आले होते, की त्या दोरीवरच कारण असतं! आणि ज्या दोरीखाली मी वाढले तिचं कारण मला पंचविशी उलटेस्तोवर सुचलं नव्हतं. माझी बोटं अजून सैल धरलेलीच होती. मी हात मागं घेतला. मला रडू आलं, आणि लाजही वाटली, दोन्ही एकदम.

“तुला कवापासून ठाव?”

“पयल्या दिसापासून.”

“मंग तिला कवा बोललीस नाय?”

“येरी हाय का तू? तिला कलाला नको मना ठाव हाय. तू पन बोलू नको.”

दुसऱ्या दिवशी रविवार. मी पेट्या घासून, उन्हात वाळवून परत द्यायला गेले. मावशी वलांडीपाशी होती, पाटीभर ताजे बोंबील घेऊन.

“काम जाला तुझा?” तिनं विचारलं.

“जाला, मावशे. तुझे तिसरे पेटीन जाला.”

“बग. तू तं दोनच मांगत होतीस.”

मला पुष्कळ बोलायचं होतं आणि आईनं शपथ घातल्यासारखंच होतं. म्हणून मी पेट्या एकावर एक रचून ठेवल्या. मग सवयीनं, लहानपणच्या टोपलीच्या सवयीनं, मी खाली पाहिलं. तिच्या दोऱ्यांखाली स्वच्छ वाळू होती. या टोकापासून त्या टोकापर्यंत चालत गेले. एकही परलेला नाही. मी एक जोडी धरून ओढली, जरा जोरानंच. सुटली नाही. दुसरी ओढली, तीही नाही.

असं कधीपासून? मी आठवू लागले. आईला अंधेरीच्या बाजारात बसायला स्वतःची जागा मिळाली आणि आमची चूल परलेल्यांवर राहिली नाही, तेव्हा मी दहावीत होते. त्यानंतर मी टोपली घेऊन कधी फिरलेच नव्हते, म्हणून त्यानंतर काही परलं की नाही, हे कधी पाहिलंही नव्हतं.

“काय शोदतंस?” मावशी म्हणाली.

“काय नाय गो.”

“मंग लाव हात.” तिनं पाटी माझ्याकडं सरकवली, आणि हसत म्हणाली, “माझा हात ढिला, तुना तं ठाव हाय.”

“ठाव हाय,” मी म्हणाले, आणि एक बोंबील उचलून त्याच्या जबड्यात दुसऱ्याचा जबडा अडकवू लागले.